तिसरी फीत

बटणाला चार भोकं होती. तिनं दोरा फुलीसारखा ओवला, मग बटणाच्या खाली तीन घट्ट वेढे दिले. कारखान्यातून येणाऱ्या लष्करी छापाच्या जाकिटांची बटणं नुसती चिकटवल्यासारखी असतात, म्हणून विकायला टांगण्याआधी ती प्रत्येक बटण नव्यानं लावते. हे नवऱ्यानं शिकवलेलं. तो लष्करात होता, पण सतरा वर्षं कपड्यांच्या कोठारात : वाटायचे, परत घ्यायचे, उसवलेले शिवायचे. "बंदुकीच्या आधी बटण दगा देतं," म्हणायचा, आणि आपणच हसायचा...

"त्या बाहीवर फिती किती आहेत?"

थोरले दीर. दाराशी उभे, पाठ फळीसारखी सरळ. तेही लष्करातले, पण आघाडीवरचे. दर मंगळवारी येतात आणि वर्दी हा बाजारात मांडायचा माल नव्हे, एवढं सांगून जातात.

तिनं दुकानातल्या कपडे चढवायच्या पुतळ्याकडे पाहिलं. अंगावर नवऱ्याचं जाकीट, दुकानातलं एवढं एकच न विकायचं.

"तीन," ती म्हणाली.

"त्याला दोनच होत्या."

खरंच, दोनच होत्या. आणि तिसरी चार महिने तिथं आहे — माझ्या डोळ्यांसमोर; त्यांच्या नजरेला आजच पडली.

"न मिळवलेल्या हुद्द्याची फीत म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. उसव. नाहीतर आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत विषय निघेल, आणि हे दुकान बंद करा म्हणाले तर मी मध्ये पडणार नाही."

तेवढ्यात नेहमीचा रंगारी आत आला. "बाई, तसलाच शर्ट द्या. रंग सांडला तरी नक्षीत खपून जातो."

"कुठल्या आघाडीवर निघालात?" दिरांनी विचारलं.

"चौथ्या मजल्यावर, साहेब. दोरीच्या झुल्यावर, भिंत रंगवायला."

तिला हसू आलं. दाबावंसं वाटलं नाही. रंगारी शर्ट घेऊन गेल्यावर ती म्हणाली, "सतरा वर्षं यांनी कपडेच वाटले, भाऊजी. मी तेच करते."

"त्याला हुकूम होता."

"मला पोट आहे."

"पुढच्या मंगळवारी बघतो," ते म्हणाले आणि गेले.

तिनं टाके काढायची उसवणी घेतली, पुतळ्याची बाही उजेडाकडे वळवली. तिसरी फीत नवऱ्यानं स्वतःच आणून ठेवली होती, बढतीची यादी लागायच्या आधी, बिस्किटांच्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली. यादी लागली, नाव नव्हतं. पुढच्या वर्षीही नव्हतं. कोठारातल्यांना जरा उशीरच होतो गं, म्हणाला होता, डब्याचं झाकण लावता लावता... आणि तिसऱ्या यादीच्या आधी काविळीनं गेला. मग पुतळा सजवताना ती फीत हाताला लागली आणि आपण चुकून — दिरांना असं सांगता आलं असतं. चुकून लागली, भाऊजी. त्यांनी मानही डोलावली असती.

तिनं टाक्यांवरून बोट फिरवलं. बारीक, एकसारखे, कडेला दुहेरी गाठ. चुकून एवढं सरळ शिवलं जात नाही.

उसवणीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं आणि तिथंच राहिलं. खोटी आहे फीत. दीर खरं बोलतात. त्यांचं खरं त्यांच्यापाशी. उसवायची झाली तर मीच उसवीन, माझ्या हातानं, मला वाटेल त्या दिवशी — मंगळवारी मात्र नाही.