ठिपका हलू दे

"अहो, ठिपका अजून हलंना झालाय," शिवम्मा म्हणाली आणि पुढ्यातली भाकरी तिनं बाजूला सारली.

हा उपास माझ्यामुळेच लागला होता, तेव्हा रागवायचं तरी कुणावर? आमचा नंदीश तेलाच्या जहाजावर फिटर आहे. जाताना त्यानं अव्वाच्या, म्हणजे आईच्या, मोबाईलवर जहाजांचा नकाशा घालून दिला. जहाज चालत असलं की टोकदार बाण, बाणापुढची रेघ लांब तर वेग जास्त. उभं असलं की गोल ठिपका. निशाणीवर काट आली तर सिग्नल तुटला. एवढं शिकवून पोरगा गेला, पुढचं शहाणपण माझं. उभा जन्म मी सोलापुरात बिघडलेले माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून काढला. चालता माग थांबला की कुठंतरी धागा तुटलेला असतो, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यामुळे ठिपका दिसला की मी म्हणायचो, काहीतरी मोडलंय. मग शिवम्माच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

नंदीशचं जहाज होतं त्या बाजूच्या समुद्रात जहाजांवर हल्ले होताहेत, असं टीव्हीवाले दिवसभर ओरडत होते. रात्री उठून मीही चोरून नकाशा बघायचो, पण तिला मात्र जेव म्हणून दटावत होतो. ती रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायची आणि एकच मागायची, ठिपका हलू दे.

आणि हलला. ठिपक्याचा बाण झाला, पुढं लांब रेघ फुटली. शिवम्मा शेंगाचटणी-भाकरी पोटभर जेवली. मी नवी पेठेत जाऊन पेढे घेतले आणि ओळखीच्या दुकानदारांच्या हातावर ठेवत सुटलो. पोरगं जन्मलं तेव्हाही एवढा हरखलो नव्हतो.

पुडा हातात असतानाच नंदीशचा फोन आला. आवाज दबका होता.

"अप्पा, उभं होतो तितंच बरं होतं. नांगर टाकून सगळीच जहाजं थांबलेली. आता हल्ले होतात त्या चिंचोळ्या पट्ट्यातनं जायचंय. कॅप्टन सिग्नल बंद करणार हाय, निशाणीवर काट येईल. भिऊ नका. अव्वाला सांगू नका."

फोन बंद झाला. मी भर रस्त्यात उभा, मागून रिक्षावाले शिव्या घालताहेत. भीती, निव्वळ भीती. उरलेले पेढे कुणाला द्यायचे तेही सुचेना.

घरी पोचलो तर शिवम्मा दारातच बसलेली. तिनं मोबाईल पुढं केला. बाणावर काट आली होती. मोबाईलला रेंज नसेल, अशी थाप मारायचं ठरवून आलो होतो, पण जीभच उचलली नाही. सगळं सांगून टाकलं.

ती रडली नाही. पुडा माझ्या हातातनं घेऊन तिनं बाजूला ठेवला.

"म्हंजे इतके दिवस मी उलटंच मागत होते की," म्हणाली.

रात्रभर दोघंही जागेच होतो. सकाळी पाहिलं तर निशाणीसकट काटही गेलेली, नुसता निळा समुद्र. शिवम्मा आंघोळ करून पूजेला बसली, लिंग तळहातावर घेतलं, पण ओठ हलेनात. तिनं माझ्याकडे मान वळवली.

"आता काय मागू, सांगा."

पूजा सोडून मला बरीच वर्षं झाली होती. मी तिच्या शेजारी मांडी घातली, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. माझ्या हाताला तिनं खालून आपला हात लावला.