बाईसाहेबांच्या बेचाळीस पायऱ्या

मित्रांनो, मी एक जुनी कुत्री आहे. जुनी म्हणजे वयानेही, आणि दोनदा नेऊन परत केलेली म्हणूनही. पण मी आज रडगाणं गायला बसलेली नाही. मी बेचाळीस पायऱ्या कशा उतरले, ते सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका गोदामामागे झाला. मोठी झाल्यावर मी त्याच गोदामाची राखण केली, उंदीर पळवले, पहारेकऱ्याची शाबासकी मिळवली. मग एका टेम्पोने माझा मागचा पाय मोडला. पहारेकरी भला माणूस. त्याने प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला फोन केला. पाय जुळला, पण जरा वाकडाच. संस्थेत पिंजरे चाळीस आणि कुत्री साठ, म्हणून कायमचं घर मिळेपर्यंत मला सिस्टरकडे ठेवलं.

सिस्टर इस्पितळात नर्स होत्या. एकट्या राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला उचलून वर नेलं, आणि पुढे सात महिने रोज उचलूनच खाली-वर केलं. शेजारच्या आजी दारातून म्हणायच्या, "निघाली बाईसाहेबांची स्वारी!" तेच माझं नाव पडलं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

या लाडानेच घात केला. पहिलं कुटुंब मला घेऊन गेलं, त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी जिन्यासमोर फतकल मारली ती मारलीच. चौथ्या दिवशी त्यांचे हात भरून आले आणि मी परत. दुसऱ्यांचा बंगला होता. सगळे वरच्या मजल्यावर गप्पा मारायचे आणि मी खाली जिन्याशी बसून गळा काढायची. नवव्या दिवशी परत. दोन्ही वेळा सिस्टरनी मला पोटाशी धरलं, आणि दोन्ही वेळा उचलूनच वर आणलं.

मग सिस्टरची बदली झाली. नव्या गावी त्यांना वसतिगृहात राहायचं होतं, तिथे कुत्र्यांना मनाई. हातात बारा दिवस. तेवढ्यात घर मिळालं तर ठीक, नाहीतर माझी रवानगी पिंजऱ्यात. फोनवर हे बोलताना सिस्टर माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. पण पाय वाकडा असला तरी माझे कान शाबूत आहेत.

त्याच दिवशी शिंपीकाका आले. सिस्टरचे गणवेश तेच शिवायचे. वय साठीपलीकडचं, गुडघा खिळखिळा. बायको गेल्यापासून दुकानावरच्या खोलीत एकटेच. मी त्यांचा पाय हुंगला. त्यांनी चष्मा वर करून माझा पाय पाहिला, माप घेतल्यासारखा. म्हणाले, "हिचं नि माझं जमेल."

"काका, तुमची खोली वर आहे. हिला जिना येत नाही, उचलावी लागते," सिस्टर म्हणाल्या.

"नऊच तर पायऱ्या. उचलणं मला जमायचं नाही, डॉक्टर ओरडतील. चालेल ती."

"अहो, पण तिचा पाय..."

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मला रडवत रडवत वॉर्डभर कोणी चालवलं होतं?"

"मीच की."

"मग हिला का नाही?"

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई गं! मीच पांगळी केली हिला."

ठरलं ते असं: बारा दिवसांत मी आपल्या पायांनी जिना उतरले तर काकांकडे, नाहीतर संस्थेत. दुसऱ्या दिवसापासून काका पाच वाजता दुकान बंद करून यायचे. बेचाळीस पायऱ्या धापा टाकत चढायचे आणि माझ्या दोन पायऱ्या खाली बसून हातातल्या शर्टाला बटणं लावायचे. मला ओढायचे नाहीत, खाऊ दाखवायचे नाहीत. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते लोखंडी टोपण अधूनमधून कठड्यावर वाजवायचे. टक टक. बस्स.

मी गुरगुरून पाहिलं. त्यांनी दोरा ओवला. तीन दिवस मी जागची हलले नाही. चौथ्या दिवशी पुढचा एक पाय खाली टाकला आणि लगेच वर घेतला. काका आत ओरडून म्हणाले, "सिस्टर, आज एक पाय झाला!" सातव्या दिवशी मी चार पायऱ्या उतरले, घसरले, हनुवटी आपटली आणि पलंगाखाली पळाले. आठव्या दिवशी बाहेरच आले नाही. काकांनी तासभर रिकाम्या जिन्यात बसून अकरा बटणं लावली. "उद्या येतो, बाईसाहेब," म्हणून गेले. मला इतका राग आला! हा माणूस रागावत का नाही?

दहाव्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले आणि आपल्याच पायांनी परत वर आले. अकराव्या दिवशी काका फार हळू चढले. प्रत्येक मजल्यावर थांबलेले मला ऐकू येत होते.

बाराव्या दिवशी सामान बांधून झालं. संस्थेची गाडी सहाला येणार होती. पाच वाजले, काका नाहीत. साडेपाच झाले. आणि मग अगदी खालून आवाज आला. टक टक.

सिस्टर कठड्यावरून वाकल्या. "काका, वर या ना!"

"गुडघा अडकलाय हो! एक पायरी चढवत नाही आज."

सिस्टर माझ्याकडे वळल्या आणि सवयीने हात पुढे केले.

"उचलू नका!" काका खालून ओरडले. "आज उचललीत तर उद्या माझ्याकडे कोण उचलणार तिला?"

सिस्टरनी हात मागे घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी खाली पाहिलं. हा माणूस असल्या गुडघ्याने रोज एवढं चढून आला, आणि मी बाईसाहेब म्हणून वर बसले होते. मला माझीच लाज वाटली. मी पाय टाकला. चौदा पायऱ्या ओळखीच्या होत्या. पुढच्या परक्या. एकदा घसरले, पण या वेळी पळाले नाही. मी उतरतच राहिले. गाडीचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातातला पिंजरा मी पाहिला आणि त्याच्याकडे न वळता थेट खालच्या पायरीवर बसलेल्या काकांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"बेचाळीस," काका म्हणाले. "आता नऊच राहिल्या."

त्या नऊ पायऱ्या काका बसत-उठत चढले. मी दोन पायऱ्या वर जाऊन बसायची आणि ते येईपर्यंत थांबायची.

मित्रांनो, माझ्यासारखा घाबरलेला जीव घरी आणलात तर त्याला ओढू नका, सारखं उचलूही नका. दोन पायऱ्या सोडून आपलं काम घेऊन बसा. आणि चौथ्या दिवशी परत करू नका. चौथ्या दिवशी मी नुसता एक पाय टाकला होता.