घोंगडीखालची फी

पानशेत फुटलं त्या सालची गोष्ट. दिवाळी झाली, भातं निघाली आणि अंबाबाई धनगरणीचा कळप दरवर्षीसारखा देशावरून चालत कोळवणच्या खोऱ्यात उतरला. इथला पावसाळा मेंढरांना सोसत नाही, म्हणून पाऊसभर तिकडे कोरड्या मुलखात राहायचं आणि भातं कापली की इकडे यायचं. रात्री एकेकाच्या वावरात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत वावराला, त्याच्या बदल्यात धान्य अंबाबाईला.

डोंगराच्या अंगाला एक शाळा होती. साधीसुधी नव्हे हं! परदेशी साहेबांच्या पोरांची, तिथंच राहायची-जेवायची सोय असलेली. शाळेच्या मागच्या भाजीच्या मळ्यात दरसाल मेंढरं बसायची, म्हणून मुख्य बाईंशी अंबाबाईची ओळख. खोर्शेदबाई नाव त्यांचं. पारशी, मुंबईच्या, आवाज हा एवढा मोठा, पण मनाने लोणी. मेंढरं आली की त्या पोरांना घेऊन कोकरं दाखवायला यायच्या.

"बाई, ह्या लेकरांचं आईबाप हायेत तरी कुटं?" अंबाबाईने त्या साली सहज विचारलं.

"कुठे म्हणून सांगू? ह्याचा बाप विमान कंपनीत. तिचा बाप वकिलातीत. तो लाल केसांचा आहे ना, त्याचा बाप धरणं बांधत फिरतो. दोन-तीन वर्षं झाली की देश बदलला. घर एका जागी नाही, तर पोरांनी शिकायचं कुठे? म्हणून इथे."

"म्हंजे आमच्यावानीच भटकी मानसं म्हना की!"

खोर्शेदबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. अंबाबाईला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोक्यात तुका आली होती.

तुका म्हणजे तिची नात, मुलगा बाजीची लेक, नऊ वर्षांची. पोरगी हुशार, पण शाळा कशी व्हावी? एका गावात नाव घातलं की चार महिन्यांत तळ हलायचा. पुढच्या गावचा मास्तर म्हणायचा, पहिलीपासून बस. त्या पोरीने पहिलीचं पुस्तक इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटून म्हणायची. फिरत्या माणसांच्या पोरांसाठी एका जागी थांबलेली शाळा असते, हे अंबाबाईला ठाऊकच नव्हतं. आता कळलं आणि तिला चैन पडेना.

"आये, डोकं फिरलं का काय तुजं?" बाजी म्हणाला. "त्या शाळंची फी म्हंजी निम्मा कळप गेला!"

"भाव इचारलाय का तू? न इचारताच महाग म्हनतोस व्हय?"

तिने खांद्यावर घोंगडी टाकली आणि शाळेची वाट धरली.

"बाई, तुकाला तुमच्यात घालायची हाय. किती पडतील?"

खोर्शेदबाईंनी चष्मा काढला. "वर्षाचे अठराशे."

"अगं आई गं! लेकरांना सोनं चारताय काय?"

"ऐक तर खरी!" खोर्शेदबाई चिडल्या नाहीत. कोणीतरी एकदा विचारलं याचंच त्यांना बरं वाटलं असावं. "दोन मास्तर विलायतेहून आणलेत, त्यांचा पगार आणि बोटीचं भाडं. पाव-लोणी रोज पुण्याहून एसटीने येतं. दिव्याचं इंजिन तेल पितं. पियानो सूर सोडतो, तर तो लावायला माणूस मुंबईहून. हे सगळं जाऊन जे उरतं ते मुंबईच्या शेठ लोकांना. त्यांनी पैसे घातलेत, त्यांना दरसाल नफा पाहिजे."

"आनि पोरांना फिरवता त्यो घोडा?"

"घोड्याची फी वेगळी. प्रत्येकाकडून."

"घोडा तर येकच हाय!"

"एकच. तोच तर आमचा कमावता पोरगा!"

आता दोघीही हसल्या. हसता हसता अंबाबाईने विचारलं, "समदी सारखंच देत्यात?"

खोर्शेदबाई उठल्या, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाजसुद्धा व्हरांड्यापर्यंत जायचा, ते सोडा. "विमानवाला जास्त देतो. वकिलातवाला त्याहून जास्त. पाद्रीबाबांची दोन पोरं निम्म्यात शिकतात, ती ह्या दोघांच्या जिवावर. पण कोणी कोणाला सांगायचं नाही. कळलं तर सगळे निम्म्यात मागतील आणि शाळा बंद! मला लाज वाटते अंबाबाय, पण असं आहे."

"लाज कसली त्यात? बाजारात असंच असतंय," म्हणत अंबाबाईने टेबलावर घोंगडी पसरली. "घाला हात खाली."

चाकणच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने करत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं दाबली तितके शेकडे. बघणाऱ्याला कापड हलताना दिसतं, भाव दिसत नाही. हे काम पुरुषांचं. पण नवरा धुळा वारल्यावर अंबाबाई स्वतः बोटं धरायला लागली. व्यापारी आधी लाजले, मग तिने दोघा-तिघांना असं पिळलं की लाज कुठल्या कुठे पळाली.

खोर्शेदबाईंना खेळ लगेच समजला आणि आवडलाही. त्यांनी घोंगडीखाली हात घातला आणि अंबाबाईच्या तळव्यावर मिटलेली मूठ ठेवली.

"ह्ये काय?"

"काही नाही द्यायचं. एक खाट रिकामीच आहे. मास्तर तेवढेच, दिवे तेवढेच. तुका फुकट शिकेल."

अंबाबाईने चटका बसल्यासारखा हात काढला.

"फुकट नको!"

"अरे बाबा, का?"

"तुमची सैपाकीन रत्नाबाई, तिची कमळ फुकट शिकतीया न्हवं? वर्गात बसती, आनि जेवायच्या टायमाला पानी कोन वाढतं? कमळ. ताटं कोन उचलतं? कमळ."

"मी तिला कधी सांगितलं नाही हं!"

"सांगत न्हाई कुनीच. पन बस म्हून बी सांगत न्हाई. माजी तुका बसनार. पंगतीत, समद्यांच्या बरुबर. त्येचं पैसं घ्या."

खोर्शेदबाईंचं तोंड उतरलं. मग त्यांनी पुन्हा घोंगडीखाली हात घातला आणि एक बोट दाबलं. अंबाबाईने अख्खा पंजा धरला. त्यांनी पंजा झटकला. तिने पुन्हा धरला.

"अंबाबाय, अरे मी कमी करते आणि तू वाढवतेस! असा सौदा पाहिलाय कोणी?"

"गप धरा. हात हलवू नका."

बराच वेळ घोंगडी उड्या मारत होती. शेवटी शांत झाली. किती ठरलं ते मात्र मला विचारू नका. घोंगडीखालचं बाहेर काढत नसतात. एवढंच सांगतो की चांगली गुबगुबीत कोकरं विकावी लागली, आणि बाजी पुढचा आठवडाभर आईशी नीट बोलला नाही.

नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली तशी तुका नवा फ्रॉक घालून आत गेली. अंबाबाईने मेंढरं बाजीवर सोपवली आणि दुपारी जेवणघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिला दुसरं काही बघायचं नव्हतं. पोरगी बसते का, एवढंच बघायचं होतं.

पोरगी बसली! मधल्या टेबलावर, लाल केसांच्या पोराच्या शेजारी. काट्याचमच्याशी तिची झटापट चालली होती. अंबाबाईचा ऊर भरून आला. कोकरांचं वाईट वाटत होतं तेही गेलं.

जेवण संपलं, घंटा झाली आणि तुका उठली. आपली थाळी उचलून मोरीकडे निघाली.

झालं! अंबाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण कुठे आहोत, कोण बघतंय, कशाचं भान राहिलं नाही. "ठिव! ठिव ती थाळी खाली! कुनी सांगितलं तुला? तुजं पैसं भरल्यात!"

विलायती मास्तर चमचा तोंडात तसाच धरून बघत राहिला. तुका लाजून अर्धी झाली.

"आज्जे," ती म्हणाली, "वरडू नगं गं. हितं समदीच उचलत्यात."

अंबाबाईने नीट पाहिलं. तुकाच्या मागे लाल केसांचा पोरगा उभा होता, हातात थाळी. त्याच्यामागे वकिलातवाल्याची लेक, तिने तर दोन बोटांनी धरली होती, पण धरली होती. अख्खी रांग मोरीकडे निघाली होती. आणि टेबलाशी अजून एक पोरगी आरामात बसून शेवटचा घास खात होती. ती कमळ.

खोर्शेदबाई शेजारी कधी येऊन उभ्या राहिल्या ते अंबाबाईला कळलंच नाही.

"आजपासून नवा नियम केलाय," त्या म्हणाल्या. "आपलं आपण वाढायचं, आपलं आपण उचलायचं. मुंबईच्या शेठ लोकांना लिहिलं, वाढप्याचा पगार वाचतो. ते फार खूश झाले!"

"पगार वाचतोय?" अंबाबाईने डोळे पुसले. जन्मभराची सवय, हात आपोआप घोंगडीकडे गेला. "मंग आमचं तेवढं कमी करा की!"

"करते की. घाल हात खाली."

अंबाबाईने कमळकडे पाहिलं. मग घोंगडी नीट खांद्यावर घेतली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्येवढी कमळची फी म्हून धरा."