ओट्यावरची पावलं

“तेहेतीस काढायची. एखादं उठून गेलं, तर मागं जायचं आणि घेऊन यायचं. हाक मारायची नाही. नुसतं मागं जायचं.”

माझ्या मोठ्या नणंदेनं, अंबूवन्संनी, शेवटच्या आजारात मला हे सांगितलं. दुधाला विरजण लावायला विसरू नकोस म्हणावं, तितक्या सहज. चातुर्मासात रोज रांगोळीनं गाईची तेहेतीस पावलं, म्हणजे गोपद्मं काढायची, असा त्यांचा पाच वर्षांचा नेम होता. दोन वर्षं राहिली होती. ती मी माझ्या अंगावर घेतली. शब्द दिला.

त्यामुळं थायलंडमधल्या हुआ हिन नावाच्या गावात, कार्तिकी एकादशीच्या सकाळी एक गोपद्म ओट्यावरून उठून समुद्राकडं निघून गेलं, तेव्हा मी घाबरले नाही. नवल एवढंच वाटलं, की वन्संना हे मुळात ठाऊक कसं होतं.

आदल्या दिवशी, दशमीला, आमची सहल तिथं पोचली होती. माणसं तेहेतीस. “बघ,” हे म्हणाले होते, “तुझ्या गायींनी एकेक माणूस वाटून घेतलंय.” ह्यांना प्रत्येक गोष्टीत गंमत दिसते. विमानतळावर माझी रांगोळीची पुडी काढून घेतली, तेव्हा तिथला अधिकारी ती पांढरी पूड बोटावर घेऊन वास घेत होता आणि हे हसून हसून खुर्चीवर बसले. “अगं, त्याला सांग, गाईची पावलं आहेत. व्हिसा लागत असला तर गाईला विचारू.”

रांगोळी गेली. नेम तर चुकवायचा नव्हता, दोनच दिवस उरले होते. आमची खोली तळमजल्यावर होती, पुढं ओटा, तीन पायऱ्या आणि लगेच किनारा. मी ओंजळभर वाळू आणली, चाळली, आणि चिमटीनं ओट्यावर तेहेतीस पावलं काढली. बारीक वाळू होती. रांगोळीपेक्षा सुबक आली.

संध्याकाळी आम्ही पाण्यात पाय सोडून उभे होतो. ह्यांचा डावा पाय गुडघ्याच्या ऑपरेशनपासून थोडा घसटतो. वाळूत त्यांच्या पावलामागं नेहमी एक शेपूट उमटतं.

“मी इथं हरवलो तर तो शार्दूल यादी घेऊन शोधत बसेल,” हे म्हणाले. शार्दूल म्हणजे आमचा टूर मॅनेजर. “त्याच्या भरवशावर राहू नकोस. तूच ये.”

“येईन.”

“नक्की? तुझे उपासतापास, पारणी, सगळं सांभाळून?”

“येईन म्हटलं ना.”

एकादशीच्या सकाळी मी जुनी पावलं पुसून नवी काढायला बसले. बत्तीस आली. तेहेतिसावं काढलं, की त्याची वाळू कण कण घरंगळत पायऱ्यांवरून खाली जायची. तीनदा काढलं. तिसऱ्यांदा ते पुरतं उमटलं, क्षणभर थांबलं आणि उठून गेलं. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत त्याच्यामागं एक कोरडी रेघ उमटत गेली. समुद्र काल चाळीस पावलांवर होता. आता तो शंभरावर होता.

नाश्त्याला शार्दूलनं बोट नाचवत माणसं मोजली. “बत्तीस. सगळे आले.”

“काल तेहेतीस होतो,” मी म्हटलं.

“काकू, तुम्ही गोपद्मं मोजली असतील.” सगळे हसले. कुमुदताई देवस्थळी सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. काल दिवसभर त्या आपल्या यजमानांच्या हातून आइस्क्रीम काढून घेत होत्या. “साखर बघा जरा स्वतःची! वाढली की कुणाला दोष देणार?” आज त्यांच्या डोक्यावर देवस्थळींची टोपी होती आणि पुढं दोन बशा होत्या, दोन्ही भरलेल्या.

“देवस्थळी कुठं आहेत?” मी विचारलं.

“कोण?” त्या म्हणाल्या. मग दोन्ही बशांकडं पाहिलं. “मी एकटीच आलेय की हो. पहिल्यापासून.” आणि दोन्ही बशांतलं थोडं थोडं खायला लागल्या.

मी खोलीवर आले. ओट्यावर अठ्ठावीस पावलं होती. मी बघता बघता सत्तावीस झाली. प्रत्येक पाऊल आपापल्या वेळेला उठत होतं. गडबड नव्हती, देवळातून दर्शन घेऊन माणसं बाहेर पडतात तसं. समुद्र मागं मागं चालला होता आणि किनाऱ्यावर कोरड्या रेघा वाढत होत्या. जेवायच्या वेळी शार्दूल म्हणाला, “एकोणीस. सगळे आले.” टेबलही एकोणीस जणांचंच होतं. चहाला तो म्हणाला, “सात. सगळे आले.” कुमुदताईंची टोपी खुर्चीवर होती. मग खुर्चीही नव्हती.

मी ह्यांना सगळं सांगितलं. हे हसले नाहीत.

“माझं कुठलं?”

“उंबऱ्यालगतचं. डावीकडं जरा ओढल्यासारखं आलंय ते.”

“आणि त्याच्या शेजारचं?”

“ते माझं असावं.”

“मग माझ्यावर हात ठेवून बस,” हे म्हणाले आणि आत जाऊन कॉटवर पडले. “दाबू नकोस फार. पाऊल नाजूक आलंय.”

मी त्या पावलावर तळवा ठेवून बसले. उपास होता, त्यामुळं उठायचं कारणही नव्हतं. तळव्याखाली वाळू मांजरीच्या पिलासारखी हलत होती.

पाचच्या सुमाराला खोल्या झाडणारी नोई आली. हॉटेलच्या आवारात खांबावर एक लहानसं देवघर आहे, त्या जागेच्या राखणदाराचं. नोई रोज तिथं लाल सरबताची बाटली ठेवते, नळी घालून, आणि झेंडूची माळ. ती थाईमध्ये बोलली आणि मला कळलं.

“वाळू कुणाची?”

“समुद्राची.”

“विचारून घेतलीस?”

घरी मी तुळशीचं पान तोडतानासुद्धा आधी हात जोडते. सूर्य मावळल्यावर तर तिला हातही लावत नाही. आणि इथं मी ओंजळ भरून वाळू उचलली होती, नळाचं पाणी भरून घ्यावं तशी. नेम चुकू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“नाही,” मी म्हटलं.

नोईनं मान हलवली. रागावली नाही. “मी रोज विचारते,” ती म्हणाली. मग ओट्याच्या कडेनं झाडलं, पावलांना केरसुणी लागू न देता, आणि निघून गेली.

दिवेलागणीला मी ठरवलं, आता तरी विचारावं. समुद्र दिसत नव्हता, पण तो ज्या दिशेला गेला होता ती दिशा होती. मी तिकडं तोंड केलं. “चुकले,” म्हटलं. “न विचारता घेतलं. पोटात घाल.” आणि हात जोडले.

दोन्ही हात.

हात सोडून खाली पाहिलं, तर उंबऱ्यालगतची फरशी स्वच्छ होती. पायऱ्यांवरून एक कोरडी रेघ खाली उतरत होती.

खोलीत एकच कॉट होती. एकच उशी, एकच टॉवेल. माझ्या नाकावर ह्यांचा चष्मा होता आणि त्यातून मला नीट दिसत होतं.

मी शार्दूलला बोलावलं. तो यादी घेऊन आला. यादीचा कागद बसच्या तिकिटाएवढा झाला होता.

“एक,” त्यानं माझ्याकडं बोट केलं. “सगळे आले. काकू, उद्या दुपारी विमान आहे हं.”

“माझ्याबरोबर हे होते.”

“हे म्हणजे कोण?”

“आमचे हे.”

“नाव सांगा ना, काकू. नावाशिवाय कसं शोधणार मी?” तो खरंच मदत करायला तयार होता. पेन काढून उभा होता.

अडतीस वर्षांत मी ह्यांचं नाव सरळ घेतलं नाही. घेतलं ते उखाण्यातच, लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला. मी तोच म्हणायला लागले. “निरांजनाच्या वातीला तूप घालते ताजं...” पुढं नावाची जागा आली. तिथं काहीच नव्हतं. दात पडल्यावर जीभ जाते तशी मी पुन्हा पुन्हा तिथं जात होते. शेवटी म्हटलं, “...रावांशी नातं जुळलं माझं.”

शार्दूलनं कागदावर नुसतं ‘राव’ लिहिलं, पाहिलं आणि खोडलं. “झोपा, काकू. उपासानं होतं असं.”

द्वादशीला उजाडताना मी आंघोळ केली. पाचव्या वर्षाचा शेवटचा दिवस. ओट्यावर एकच पाऊल होतं, माझं. मी नवी काढली नाहीत. नारळ, हळदकुंकू आणि पारण्याचे दोन लाडू पिशवीत घातले. दोन, कारण ह्यांनाही कालपासून काही मिळालं नसणार.

पायऱ्या उतरले. किनारा आता नजर जाईल तिथवर होता आणि त्यावर बत्तीस कोरड्या रेघा, शेजारी शेजारी, कंगव्यानं विंचरल्यासारख्या. सगळ्या सरळ होत्या. एकच होती, जिला दर पावलागणिक डावीकडं एक लहानसं शेपूट फुटत होतं.

हाक तोंडाशी आली होती. पण वन्संनी सांगितलं होतं, आणि हाक मारायला नावही नव्हतं.

मी निऱ्या वर खोचल्या आणि त्या रेघेवर पाय ठेवला. ती गार होती. मागं ओट्यावर शार्दूल आला असावा. त्यानं मोजलं, किती ते मला ऐकू आलं नाही.

“सगळे आले,” तो म्हणाला.

मी चालत राहिले.