टेकडीवरचा ट्रॅक्टर

दुलामसुरेनचं लक्ष लामांच्या मंत्रात नव्हतं, उतारावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे होतं. अख्ख्या तालुक्यात बर्फ सारणारा तेवढा एकच. सकाळपासून त्यानं ही टेकडी मोकळी केली होती. का, तर तालुकाप्रमुखाला आणि पाच वस्त्यांच्या प्रमुखांना ओवोपाशी, टेकडीच्या देवासाठी रचलेल्या दगडांच्या राशीपाशी, त्या फडफडणाऱ्या निळ्या वस्त्रांसमोर, एकत्र प्रार्थना करता यावी.

पंधरा दिवस झाले, गवतावर लोखंडासारखा बर्फ बसला होता. जनावरं उभ्या उभ्या मरत होती. त्या पाच प्रमुखांतली एक दुलामसुरेन; तिच्या वस्तीतली सात घरं उत्तरेच्या खोऱ्यात अडकली होती. आणि हिवाळ्यापूर्वी त्यांना तिकडे धाडणारी तीच. "तिथे वारा कमी लागतो," म्हणाली होती.

हात जोडलेले होते, पण बोटं एकेक घर मोजत होती. शेवटी ती उठलीच.

"गांतुमुरदादा, ट्रॅक्टर द्या मला."

"खाली बस," तालुकाप्रमुख दबक्या आवाजात खेकसला. "लामा म्हणतायत ना अजून."

"म्हणू देत की. मला उजेड आहे तोवर खोऱ्यात पोचायचंय."

"आणि आम्ही घरी कसं जायचं? उडत?" शेजारच्या वस्तीचा प्रमुख म्हणाला. "हिला कम्युनिस्ट पक्षाच्या शाळेत देव शिकवलाच नाही कुणी!" दोघंतिघं हसले.

"नाहीच शिकवला," दुलामसुरेन म्हणाली. "मंत्र येत नाहीत मला. मघापासून नुसती त्या सात घरांची नावं घेत बसलेय."

लामांचा आवाज थांबला. गांतुमुरनं आभाळाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरला हाक मारली. "चुलून! गवताच्या गाठी भर आणि हिला घेऊन जा." पुन्हा गुडघे टेकत तो म्हणाला, "आम्ही पाठ पुरा करतो. उतरू चालत."

खोऱ्यात माणसं सगळी जिवंत होती. म्हाताऱ्या सोदनोमच्या तीनशे मेंढ्यांतल्या चाळीसच पायांवर उभ्या होत्या. तो पुढे होऊन गाठी उतरवून घ्यायला लागला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. त्याच्या बायकोनं चहा पुढे केला, तो तिनं उभ्यानंच संपवला.

दुसऱ्या दिवशी ती परतली, तेव्हा गांतुमुर दवाखान्यात होता. टेकडीवरून पुन्हा साचलेल्या बर्फातून चालत उतरताना त्याच्या पायाची दोन बोटं गारठून काळी पडली होती.

"किती वाचले?" त्यानं विचारलं.

"माणसं सगळी. जनावरं थोडी."

त्यानं डोळे मिटले. ओठ हलले. मग पांघरूण बाजूला सारून तो उठायला लागला. "पूर्वेच्या वस्तीत अजून कुणीच पोचलेलं नाही. डिझेल आहे का गं?"

"अर्धी टाकी," ती म्हणाली. अजून अंगातला कोटही तिनं काढला नव्हता.