पाचवा शब्द

चौथा शब्द माझा होता. पाळकसाहेबांनी तो या वर्षी माझ्या सुनेला दिला आणि माझ्या पदरात पाचवा टाकला. मला वाईट वाटलं असं कुणी म्हणू नका. माझा जळून कोळसा झाला म्हणा.

आमची रीत माहीत नसेल त्यांना सांगते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी आमच्या नळदुर्गच्या चर्चमध्ये मोठी उपासना असते. प्रभू येशू वधस्तंभावरून सात वेळा बोलला. ते सात शब्द सात जणांना वाटून देतात आणि प्रत्येकानं आपल्या शब्दावर संदेश द्यायचा. सकाळपासून उपास, सातवा शब्द संपेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आमच्याकडं आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक शब्दानंतर, गाणं सुरू व्हायच्या आधी, ऐकणाऱ्यांपैकी कुणीही एक प्रश्न विचारू शकतो. जुन्या पाळकांनी हे सुरू केलं. बाहेरची माणसं दारात उभी राहून ऐकायची, तर ते म्हणाले, नुसतं ऐकवू नका, विचारूही द्या.

विचारणारे म्हणजे रामहरी गुरुजी. चर्चसमोरच राहतात, शाळेत विज्ञान शिकवायचे. कुठलाच देव मानत नाहीत. घरची मंडळी तुळजापूरला जातात तेव्हा गुरुजी घर राखतात. पण उत्तम शुक्रवार चुकवत नाहीत, शेवटच्या बाकावर येऊन बसतात आणि चौथ्या शब्दाची वाट पाहतात. कारण 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' ही एका जुन्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. हातपाय विंधले जातील, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जातील, हे सगळं त्या स्तोत्रात शेकडो वर्षं आधी येऊन गेलंय. आधी लिहिलं ते पुढं घडलं, हा आमचा दावा. म्हणून चौथा शब्द ज्याचा, गुरुजींशी झुंज त्याची. माझा मुलगा प्रेम शाळेत होता तेव्हापासून ती झुंज मी देत आले.

"दैवशालाबाई," गुरुजी एकदा म्हणाले होते, "पाहुणा येऊन गेल्यावर सगळेच म्हणतेत, सकाळी कावळा वरडला होता."

"कावळा आज्या-पणज्याच्या काळात वरडून ठेवत न्हाय, गुरुजी," मी म्हणाले होते. अख्खं चर्च हसलं होतं. गुरुजीसुद्धा.

आणि हे सगळं उचलून सुनेला, मोनिकाला. वर्ष झालं नाही लग्नाला. सोलापूरची, मिशनच्या शाळेत शिकलेली, आवाज गोड. प्रेमचं हायवेला टायरचं दुकान आहे, तिथं ट्रकवाल्यांशी बोलतानाही माझा मुलगा आता बायकोची वाक्यं म्हणतो. "तरुणांना संधी द्यावी, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "पाचवाही छानच शब्द आहे." छान! 'मला तहान लागली आहे', एवढाच तो शब्द. ज्याला धड बोलता येत नाही त्याला तो देतात. मागच्या वर्षी बंडप्पाला दिला होता, तो पाणी जपून वापरा म्हणाला आणि खाली बसला.

त्यात मोनिकाला पाचवा महिना. गरोदर बाईला उपास नाही, तिनं पाण्याची बाटली जवळ ठेवावी, असं पाळकसाहेबांनी जाहीर सांगितलं. प्रेम पोटात होता तेव्हा मी एप्रिलच्या उन्हात कोरडी बसले होते, ते कुणी जाहीर केलं नव्हतं.

मग मी एक काम केलं. गुरुजी अंगणात शेवग्याच्या शेंगा काढत होते, तिथं गेले आणि म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्सं तुमी चुकीचा प्रश्न इचारताय."

"असं? मग बरोबरचा कोणता?"

मी सांगितला. तो प्रश्न कैक वर्षं मलाच छळत होता. गुरुजींना तो सुचत नाही, हे मी माझं नशीब समजत होते. ज्याला शास्त्र, म्हणजे आमचा जुना करार, तोंडपाठ आहे त्यानं त्यातलंच वाक्य बोलून दाखवलं, तर भविष्य खरं झालं म्हणायचं, की पाठांतर चांगलं होतं म्हणायचं?

गुरुजींचा शेंग धरलेला हात थांबला. "लई खोल हाय हे. पण बाई, चौथा शब्द औंदा सूनबाईचा हाय ना?"

"असू द्या की. शिकलेली हाय. दील उत्तर."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मी शेंगा न घेताच परत आले.

शुक्रवारी ऊन असं की पंख्याचा वारासुद्धा भाजत होता. चौथ्या शब्दाला मोनिका उभी राहिली. मनात म्हटलं, अडखळ. ती अडखळली नाही. चिठ्ठ्यांवर आली आणि म्हणाली, "ज्या शिपायांनी अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या त्यांना आपलं शास्त्र माहीतही नव्हतं. त्यांना कुणी शिकवून ठेवलं नव्हतं. हे मला आमच्या आईंनी समजावून सांगितलं." माझाच मुद्दा, माझंच नाव घेऊन, आणि वाहवा तिची! प्रेम तर असा बसला होता की जणू अंगरखा त्यालाच मिळाला.

प्रश्नाची वेळ झाली. मी मान वळवून गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी चष्मा पुसत राहिले. कुणी काही विचारलं नाही, गाणं सुरू झालं. इतकी वर्षं ज्यांनी मला एकदाही सोडलं नाही, त्यांनी तिला सोडलं. मला रडू यायचंच बाकी होतं.

माझी पाळी आली. मी वचन वाचलं. सगळं पूर्ण झालंय हे ओळखून, शास्त्रातलं वचन पुरं व्हावं म्हणून, येशू म्हणाला की मला तहान लागली आहे. मग रागारागात चार वाक्यं बोलले आणि आटोपतं घेतलं. खाली उतरणार तोच शेवटच्या बाकावरून गुरुजी उठले.

"बाई, शिपायाच्या चिठ्ठ्यांचं ठीक हाय. पण आता तुमीच वाचलं, शास्त्र पुरं व्हावं म्हणून तो बोलला. ज्याला शास्त्र तोंडपाठ, त्यानं त्यातलंच बोलून दाखवलं. मग हे भविष्य खरं झालं, का पाठांतर चांगलं होतं?"

माझा प्रश्न. माझ्याच तोंडावर.

मी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. उपासाचा घसा, त्यात ही भीती. जीभ टाळूला चिकटली. मी खाकरले, पुन्हा प्रयत्न केला, नुसता घोगरा वारा बाहेर आला. अख्खी मंडळी बघत होती. प्रश्नाला उत्तर नाही म्हणून मी मुकी झाले असंच सगळ्यांना वाटलं असणार. ते खोटंही नव्हतं.

मोनिका उठली. अवघडलेली, हळूहळू चालत समोर आली आणि तिची बाटली माझ्यापुढं धरली. मी मान हलवली. उपास होता, आणि बाटली तिची होती. पाळकसाहेबांनी खूण केली, घ्या. तिनं झाकण काढून बाटली माझ्या ओठांपाशी नेली, लहान मुलाला पाजतात तशी. मी दोन घोट प्याले.

ते पाणी गळ्याखाली उतरताना मला उत्तर दिसलं. आवडलं नाही, पण दिसलं.

"गुरुजी," मी म्हणाले, "तहान लागली म्हणणं त्याच्या हातात होतं, ते कबूल. पण तोंडाशी काय यील ते त्याच्या हातात नव्हतं. शास्त्रात आधीच लिहिलेलं, माझ्या तहानंला आंब दिली. आंब म्हंजी आंबट, नासका द्राक्षारस. ती बोळ्याला लावून ज्या शिपायानं वर केली, त्यानं काय शास्त्र वाचलं होतं? त्यो आपल्या मनानं करत हुता. मागणारा पाठ करून मागंल, गुरुजी. देणारा पाठ करून देत न्हाय. मला आत्ता पाणी मिळालं. माझी लायकी आंबंची होती."

शेवटचं वाक्य मी बोलणार नव्हते. ते निघून गेलं.

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "लिहिणाऱ्यानं मागून जुळवलं असंल, असं मी म्हणू शकतो," ते म्हणाले. "म्हणणार बी हाय. पण फुडच्या वर्षी." आणि बसले.

संध्याकाळी मोनिका चुलीपाशी भाकरी थापत होती. बायका येऊन मला चांगलं म्हणून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी चौथा परत तुमचा, असं पाळकसाहेबही म्हणाले होते. माझं मन जरा निवलं होतं.

"आई," मोनिका म्हणाली, "गुरुजी परवा माझ्याकडं आले होते. म्हणाले, पोरी, चौथ्या शब्दाला असा असा प्रश्न येणार आहे, गाफील राहू नको. मी म्हटलं, गुरुजी, तो पाचव्याला विचारा. मला उत्तर येत नव्हतं. तुम्हाला येईल असं वाटलं."

मी हळूच विचारलं, "प्रश्न कुणी सांगितला, ते बोलले का?"

"ते कशाला सांगतील?" तिनं भाकरी उलटली. "पण गुरुजींना आपलं शास्त्र एवढं बारीक कुठून कळायला लागलं, आई?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. ती भोळी आहे की माझ्याहून पक्की, हे मला त्या चेहऱ्यावरून कळेना, आणि तिला ते सगळं इतकं सहज जमतं म्हणून मला पुन्हा तिचा हेवा वाटला. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही.

घसा पुन्हा कोरडा पडला होता. माठ तिच्या पलीकडं होता आणि मध्ये चूल. दुपारी तिनं न मागता दिलं होतं. आता मागावं लागणार होतं.

"मोनिका," मी म्हणाले, "तहान लागली गं."