सतरा नंबरचा उजवा डोळा

महिपतने माशाच्या उजव्या डोळ्यासमोर बोट नेलं, तसा मासा झटकन मागे सरला.

"नाय दिसत," महिपत मोठ्याने म्हणाला आणि वहीत तसंच लिहिलं.

रत्नागिरीच्या त्या मत्स्यप्रयोगशाळेत सव्वीस वर्षं शिपाईगिरी केली, पण वहीत खोटं कधी लिहिलं नव्हतं. या सतरा नंबरच्या गोल्डफिशपायी गेले पंधरा दिवस धडधडीत खोटं चाललं होतं.

काम साधं होतं. संशोधक करुणा मॅडम चिमट्याने माशाच्या उजव्या डोळ्याची नस चेपायच्या. मासा त्या अंगाने आंधळा व्हायचा आणि महिन्याभरात पुन्हा बघू लागायचा.

"पेशी आत प्रथिनांचे नवे तंतू विणते, मामा. सुंभासारखे. त्यांच्या आधाराने नस वाढते," मॅडमनी त्याला एकदा समजावलं होतं.

"आन् मानसाची?"

"माणसाची नाही वाढत."

मासा बघू लागला की त्याच दिवशी त्याला मारून डोळा काढायचा. तंतू किती विणून झाले ते मोजायला.

महिपतचा स्वतःचा उजवा डोळा काचबिंदूने गेला होता. इथे बोभाटा नको म्हणून तो देवरूखच्या डॉक्टरकडे गेला आणि कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. पण आशा मोठी वाईट. सकाळी कुणी नसताना तो डावा डोळा तळव्याने झाकून बरणीला भिडायचा. सतरा नंबर यायचा आणि आपला बिनपापणीचा उजवा डोळा त्याच्या उजव्या डोळ्यासमोर धरून थांबायचा. पंधरा दिवसांपूर्वी महिपतच्या त्या काळोखात काहीतरी केशरी हललं. हात काढून पाहिलं, तर मासा नेमका तिथेच. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा मासा जगला तर आपलीही नस वाढेल, असं त्याने मनाशी धरलं ते तेव्हापासून.

आजही वही मिटून त्याने डावा डोळा झाकला. केशरी ठिपका आला, थांबला, आणि एकदम उसळून दूर पळाला. महिपतला हसू फुटलं. पळतानाही दिसला होता.

"मामा."

करुणा त्याच्या उजव्या हाताला उभी होती. तिचा पंजा बरणीजवळ होता. मासा तिला बिचकला होता.

"मी मघापासून इथे आहे. दिसले नाही तुम्हाला?"

"मासा दिसला," महिपत तळवा काढत म्हणाला.

तिने हळूच हात त्याच्या उजव्या डोळ्यापाशी नेला. पापणी हलली नाही.

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली."

"आणि याला?"

महिपतने बरणीकडे पाहिलं. त्याला फार वाईट वाटत होतं, पण मॅडमच्या तोंडावर खोटं बोलवेना.

"तेला पंधरा दिस दिसतंय. वहीत मी खोटा लिवलाय, मॅडम."

जाळी त्याने स्वतःच घेतली. मासा अजिबात पळाला नाही. त्याला जीवघेण्या गुंगीच्या पाण्याच्या भांड्यात सोडून महिपत भांड्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने डावा डोळा झाकला. केशरी ठिपका समोरच होता. सावकाश फिरत होता, मग त्याहून सावकाश.

"गेला," महिपत म्हणाला.

करुणाने भांड्यात पाहिलं. माशाचे कल्ले नुकतेच थांबले होते. महिपतची पाठ तशीच भांड्याकडे होती.

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. टेबलाला वळसा घालून ती महिपतच्या डाव्या बाजूला आली, त्याला दिसेल अशी उभी राहिली आणि मगच म्हणाली, "मामा, काय दिसलं ते सांगा, मी वहीत लिहिते."